बर्फासाठी टायर

१० ऑक्टोबर २००५, सोमवार. नोव्हाय, मिशिगन

आज व्हॅन कॅन्सल केली. डीलरच्या माणसाने फोनवर कारण विचारलं. मी म्हणालो, प्लॅन बदलला. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम, पुढच्या वर्षी या. भला माणूस वाटला.

हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, रोज जे मनात येईल ते लिहीत जा. महिना झाला, मी काही लिहिलं नव्हतं. आज सुरू करतो.

काय झालं ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. सप्टेंबरमध्ये आमची मुलगी गेली. दिवस भरले होते. सकाळी रेणू म्हणाली, आज ही हलत नाहीये. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, ठोके लागत नाहीत. कुणाची चूक नाही, असं कधीकधी होतं, हे सगळ्यांनी सांगितलं. मग इथल्या दफनभूमीत, लहान मुलांसाठी एक कोपरा आहे, तिथे तिला ठेवलं. आपल्यात इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, हे मला रेणूच्या आईंनी सांगितलं. मला माहीत नव्हतं.

आता गाडीचं. माझ्याकडे निस्सानची झी आहे. निळी, दोन सीटची. लग्नाआधी घेतली होती. व्हॅन आली की ती विकायची ठरली होती, अ‍ॅन आर्बरचा एक मुलगा घेणारही होता. त्याला नाही म्हणून कळवलं. रेणूची जुनी कोरोला आम्ही ऑगस्टमध्येच विकून टाकली, व्हॅनला गराजमध्ये जागा हवी म्हणून. आता घरात माणसं तीन, मी, रेणू आणि तिच्या आई, आणि गाडी एक, तीही दोघांची. त्यात ती गिअरची. रेणूला फक्त ऑटोमॅटिक येते.

हिवाळा तोंडावर आहे आणि झीला उन्हाळी टायर आहेत. त्याचं काहीतरी बघायला हवं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

काल दसरा होता. घरात काही केलं नाही.

टायरचं वाचतोय. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं, साधारण पंचेचाळीस फॅरनहाइटच्या खाली. मग ते रस्ता धरत नाही, नुसतं घसरतं. बर्फावर तर प्लास्टिकच्या ताटावर बसल्यासारखं. शिवाय झीची ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे ढुंगण आधी फिरतं. मी ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकवरच काम करतो, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पण आजवर पहिला बर्फ पडला की मी झी झाकून ठेवायचो आणि रेणूच्या कोरोलातून जायचो.

डीलरकडे अठरा इंची चाकांसकट हिवाळी सेटची किंमत विचारली. तेवढ्यात एक माणूस भारतात जाऊन येईल. त्यापेक्षा सतरा इंची चाकं घ्यावीत, चारही एकाच मापाची. टायर अरुंद हवा. अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत जातो, रुंद टायर वरच तरंगतो.

रेणूने विचारलं, "रविवारी जाऊ या का तिकडे?"

तिकडे म्हणजे दफनभूमीत. मी म्हणालो, आता सकाळी दव गोठायला लागलंय, हे टायर भरवशाचे नाहीत. नवे लागू देत, मग जाऊ.

ती बरं म्हणाली.

१६ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर ऊन होतं. पण इथलं ऊन फसवं असतं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्यात स्वस्त म्हणजे काळी लोखंडी चाकं. दुकानदाराने खात्रीने सांगितलं की बसतील. मला खात्री वाटेना. घरी येऊन सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, आमच्या ब्रेकच्या कॅलिपरचा, म्हणजे चकतीला धरणाऱ्या चिमट्याचा, आकार काढला आणि तो दुकानात नेऊन चाकाच्या आत धरून पाहिला. टेकतो. म्हणजे बसवलं असतं तर चाक फिरलंच नसतं. दुकानदार हसला. मलाही बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

आज ऑफिसात गुरुनाथला चाकाचं सांगितलं. तो माझ्या शेजारीच बसतो, नाशिकचा. तो म्हणाला, "यार, एखादी साधी सेकंडहँड सेडान घे ना. चार दारांची. टायरांच्या मागे काय लागलायस?"

मी म्हणालो, "कशाला? आम्ही दोघंच तर आहोत. आईही डिसेंबरमध्ये जातील."

तो उठला. कॉफी आणायला गेला आणि माझ्यासाठीही घेऊन आला.

 

१ नोव्हेंबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. आईंनी देवापुढे एक निरांजन लावलं, तेवढंच.

वरच्या छोट्या खोलीतली बाळाची क्रिब मी सकाळी सुटी करून बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली. सारखी दिसायला नको म्हणून. नटबोल्ट एका पिशवीत घालून क्रिबलाच बांधून ठेवले, हरवू नयेत. रेणू वर गेली आणि लगेच खाली आली.

"क्रिब कुठाय?"

मी सांगितलं.

"मला विचारायचंस तरी."

मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. ती वर गेली आणि त्या खोलीत जमिनीवर बसून राहिली. आई तिच्याजवळ जाऊन बसल्या. मी दारात उभा होतो. तिथे तिघांना बसायला जागा होती, पण मला बोलावल्यासारखं वाटलं नाही. खाली आलो. इंटरनेटवर चाकं शोधली.

५ नोव्हेंबर, शनिवार

मिळाली! ट्रॉयच्या श्रीरंग काकांनी महाराष्ट्र मंडळाच्या मेलवर टाकलंय: सतरा इंची अलॉय चाकं, हिवाळी टायरसकट, एकच हिवाळा वापरलेली. त्यांची सेडान त्यांनी विकली, ती झीच्याच घराण्यातली, त्याच पाच बोल्टची. फोन केला. काका म्हणाले, गराजमध्ये जागा अडवून बसलीयेत, घेऊन जा, पैशाचं बघू. मी म्हणालो, उद्याच येतो.

रेणू म्हणाली, मीही येते. सप्टेंबरनंतर ती पहिल्यांदाच आपणहून कुठे येते म्हणाली. ट्रॉयपर्यंतचा हायवे कोरडा आहे, जायला हरकत नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

आजचं नीट लिहायचं आहे.

झीत चार चाकं एका फेरीत मावणार नाहीत हे मला माहीत होतं. मागे डिकीत आडवी एक पट्टी आहे, बांधा मजबूत राहावा म्हणून. ती निम्मी जागा खाते. दोन मागे, एक पुढच्या सीटवर, बस. मग माणूस कुठे बसणार? म्हणून ठरवलं, रेणूला काकूंकडे सोडायचं, दोन चाकं नोव्हायला टाकून यायचं, मग उरलेली दोन आणि रेणू.

श्रीरंग काका पंच्याहत्तरीचे असतील. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. शैलाकाकू लहानखुऱ्या, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला हात लावत चालतात. त्यांना मंडळातून कळलेलं होतं. मला भीती होती की त्या आमच्याकडे बघून चुकचुकतील. तसं काही केलं नाही. रेणूच्या हाताला धरून त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाल्या, "तू बस. मी भाकरी टाकते. खातेस ना?"

काकांबरोबर चाकं पाहिली. सुरेख आहेत. एकाला फूटपाथला घासल्याची खूण, बाकी काही नाही. टायरची नक्षी खोल आहे. दोन चाकं मागे घालून मी निघालो. जाऊन येऊन दीड तास लागला.

परत आलो तेव्हा रेणू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती आणि रडत होती. मोठ्याने. मी तिला असं रडताना हॉस्पिटलमध्येही पाहिलं नव्हतं. काकू शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, उगी वगैरे काहीच म्हणत नव्हत्या. मी घाबरलो. म्हणालो, "सॉरी काकू, तिला आणायलाच नको होतं. अजून तिला झेपत नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "देवदत्त, तू हात धुऊन घे. भाकरी गरम आहे."

जेवताना त्याच म्हणाल्या, "लेकीचं नाव फार छान ठेवलंत रे, इला."

मी घास घेतला. मला हे नाव माहीत नव्हतं. आमचं काही ठरलं नव्हतं, बारशापर्यंत बघू म्हणालो होतो.

येताना दोन चाकं मागे होती, गाडीत रबराचा वास भरला होता. मी विचारलं, "इला कधी ठरवलंस?"

"त्याच दिवशी. तिला हातात दिलं तेव्हा."

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

मी हायवेला लागलो. मग मी तिला सांगितलं की टायर फार झिजलेले नाहीत, दोन हिवाळे सहज निघतील. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "हो का."

पण एकूण तिला बरं वाटलं असावं. घरी आल्यावर तिने आईंकडे चहा मागितला.

९ नोव्हेंबर, बुधवार

मी ऑफिसात असताना शैलाकाकू ट्रॉयहून गाडी घेऊन आल्या होत्या. इतक्या लांब, गुडघे दुखत असताना. रेणूला आणि आईंना बाहेर घेऊन गेल्या. कुठे, विचारलं तर रेणू म्हणाली, "इथेच."

मॉलमध्ये गेल्या असतील. तिला कुणीतरी बाहेर न्यायला हवंच होतं. बरं झालं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

चाकं चढवली. दुपारभर गराजमध्ये होतो.

एक अडचण निघाली. चाकाच्या मधलं भोक झीच्या हबवर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, अगदी घट्ट बसायला हवं, नाहीतर हायवेला स्टिअरिंग थरथरतं. आधी वाटलं, लहान आहे. मग लक्षात आलं, गंज होता. तारेच्या ब्रशने घासला, चाक खटकन बसलं. मग नट एकाआड एक, चांदणीसारखे, टॉर्क रेंचने ठरल्या जोरानेच आवळले. उन्हाळी चाकं पुसून भिंतीशी रचून ठेवली.

आई शाल घेऊन गराजमध्ये आल्या. मी त्यांना आत बसा म्हणालो, थंडी आहे. त्या उलट्या बादलीवर बसल्या. सांगलीला शाळेत शिकवायच्या, अजूनही समोर बसल्या की वर्गात असल्यासारखं वाटतं.

"देवदत्तराव, एक विचारू?"

"विचारा ना, आई."

"एवढी मेहनत घेताय. ही गाडी बर्फात कुठे जायची आहे?"

मी म्हणालो, "ऑफिसला. किराणा आणायला. डॉक्टरकडे रेणूची अपॉइंटमेंट असते."

"आणखी?"

मी विचार केला. "बस, एवढंच."

 त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या. त्यांना वाटत असेल मी गाडीवर फार खर्च करतोय. खरं तर नव्या सेटच्या पावपट पैशांत झालं. त्यांना नीट समजावून सांगायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, बुधवार

काकू पुन्हा येऊन गेल्या. रेणूच्या बुटांना चिखल होता, आईंच्याही. मॉलमध्ये चिखल कुठून येतो कोण जाणे. मी बूट धुऊन हीटरच्या जाळीवर वाळत ठेवले.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. पहिला खरा बर्फ, पहाटेपासून.

दहा वाजता रेणूला म्हणालो, चल, टायर बघू. ती लगेच तयार झाली. कोट, टोपी, मोजे, सगळं. हातात एक कागदी पिशवी होती. काय आहे विचारलं तर म्हणाली, असंच.

चर्चच्या मागचं मोठं पार्किंग रिकामं होतं. ताज्या बर्फावर एक रेघही नव्हती. मी ताशी तीस मैलांचा वेग घेऊन ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. अगदी सरळ! मग वळवून पाहिली, मागची बाजू जराशी सुटली आणि आपली आपण सावरली. मला हसू आलं. मी रेणूला म्हणालो, "बघितलंस? काही होत नाही आता. कुठेही जाता येईल."

ती म्हणाली, "मग चल ना."

"कुठे?"

"देवदत्त, तू म्हणाला होतास, टायर लागले की जाऊ."

तिथून दहा मिनिटांचा रस्ता आहे. मी गाडी रस्त्यावर घेतली. उजवा इंडिकेटरही दिला. सिग्नलला थांबलो असताना मनात आलं, दफनभूमीच्या आतले रस्ते अरुंद आहेत. ते कुणी साफ केले असतील का, आज तर सुट्टी. झी जमिनीपासून बुटकी आहे. मधे बर्फ साचला असेल तर पोट टेकेल आणि मग टायर कितीही चांगले असले तरी चाकं हवेत फिरतात. हे मी रेणूला समजावून सांगितलं. सिग्नल हिरवा झाला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी सरळ घेतली, घराकडे.

 घरी आल्यावर ती पिशवी घेऊन आत गेली.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी खरोखर बुटकी आहे.  पण माझे हात स्टिअरिंगवर ओले झाले होते, गाडीत हीटर जेमतेम असताना. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार

रेणू आईंबरोबर सांगलीला जाणार. तिने गुरुनाथच्या बायकोकडून एजंटचा नंबर घेऊन परवाच तिकीट काढलं. आज मला सांगितलं.

मी म्हणालो, छान, हवापालट होईल, कधी येशील? ती म्हणाली, परतीची तारीख ओपन ठेवलीय.

मग ती एकदम बोलायला लागली. काकूंबरोबर दर बुधवारी ती दफनभूमीत जाते. मॉलमध्ये नाही. "तुला माहीत आहे, काकूंचा पहिला मुलगा असाच गेला होता? एकाहत्तर साली, इथेच. तेव्हा बाळ आईला दाखवतसुद्धा नसत. नेऊन परस्पर कुठेतरी पुरायचे. कुठे ते त्यांना आजही माहीत नाही. चौतीस वर्षं झाली. त्या मला म्हणाल्या, तुझी जागा तुला माहीत आहे ना, मग जात जा. आणि आपली जागा दहा मिनिटांवर आहे, देवदत्त. दहा मिनिटांवर. आणि तू टायर शोधतोयस."

मी म्हणालो, "मी तुमच्यासाठीच शोधत होतो. तुम्ही घसरू नये म्हणून."

"आम्ही म्हणजे कोण?"

 उत्तर सोपं होतं, रेणू आणि आई. पण ते तोंडातून निघालं नाही.

ती म्हणाली, "मला तुझ्यावर रागवायचं नाहीये. मला इथे एकटीला रडायचा कंटाळा आलाय."

एकटी कुठे होती ती? मी रोज साडेपाचला घरी येतो. हे मी बोललो नाही, इथे लिहितोय. लिहिल्यावर ते तितकंसं बरोबर वाटत नाहीये.

१० डिसेंबर, शनिवार

आज दोघी गेल्या.

झीत माझ्याशिवाय एकच माणूस मावतं, शिवाय सामान होतं. त्यामुळे गुरुनाथ त्याची व्हॅन घेऊन आला. बाहेर सहा इंच बर्फ होता आणि पडतच होता. त्याने बॅगा भरल्या. मधल्या सीटवर त्याच्या धाकटीची कारसीट होती, तिच्या पट्ट्यात एक अर्धं खाल्लेलं बिस्किट अडकलेलं होतं. आई तिच्या एका बाजूला बसल्या, रेणू दुसऱ्या.

गुरुनाथ म्हणाला, "तूही बस ना पुढे. कशाला दोन गाड्या?"

मी म्हणालो, "नको. मी मागून येतो."

"या बर्फात?"

"टायर चांगले आहेत."

हायवेला सगळे तीस-पस्तीसवर चालले होते. दोन गाड्या कडेला खड्ड्यात गेलेल्या दिसल्या. झी जरासुद्धा हलली नाही. मी व्हॅनच्या मागे नीट अंतर ठेवून होतो. मागच्या काचेतून दोघींची डोकी दिसत होती आणि मधे कारसीटची पाठ. वाटेत एकदा रेणूने मागे वळून पाहिलं. मी हेडलाइट दोनदा लावून विझवले. तिला दिसलं असावं.

एअरपोर्टवर मी आईंच्या पाया पडलो. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "बाळंतपणाला आले होते हो मी. लेकीला घेऊन चाललेय." मग स्वतःच स्वतःला आवरलं आणि म्हणाल्या, "जेवत जा. पोळ्या फ्रीझरमध्ये आहेत."

रेणूला विचारलं, "येशील ना?"

"मला खरंच माहीत नाही रे." तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "सावकाश जा घरी."

"टायर चांगले आहेत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी नेमकं काय चुकीचं बोललो ते मला कळलं नाही, पण चुकीचं बोललो हे कळलं.

घरी आलो. गराजमध्ये इंजिन बंद करून तसाच बसून राहिलो. शेजारची सीट मागे सरकवलेली होती. कुणासाठी ते आठवेना.

१३ डिसेंबर, मंगळवार

रेणू पोहोचली. फोनवर दोन मिनिटं बोललो. तिकडे गार आहे म्हणाली. सांगलीला गार!

१७ डिसेंबर, शनिवार

सकाळी रस्ते साफ झाले होते. ऊन होतं. कपडे धुवायला टाकले, दूध आणायला निघालो. दुकानाच्या वळणावर वळलोच नाही. ठरवलं वगैरे काही नव्हतं. हात पुन्हा ओले झाले, पण गाडी सरळ जात राहिली.

दफनभूमीचा मुख्य रस्ता साफ केलेला होता, अगदी आतपर्यंत. कसलंच पोट टेकलं नाही.

गाडी लावून मुलांच्या कोपऱ्यात गेलो आणि मला कळेना, कुठे. सप्टेंबरमध्ये इथे हिरवं गवत होतं. त्या दिवशी मी सगळा वेळ पलीकडे गवत कापणाऱ्या माणसाकडे बघत उभा होतो, मशीनचा आवाज थांबवायला सांगावं का असा विचार करत. खड्ड्याकडे पाहिलंच नव्हतं. आता सगळीकडे एकसारखा वीतभर बर्फ. मधेमधे लहान दगडांची टोकं, टेडीचे कान, भिरभिरी. मी एका दगडावरचा बर्फ झाडला. दुसऱ्याच कुणाचं नाव. आणखी एक झाडला. तेही नाही. ऑफिसचेच बूट घालून आलो होतो, आत पाणी गेलं. मी तिथे असा या दगडापासून त्या दगडापाशी फिरत होतो आणि मला काकूंची आठवण झाली. मग मी खिशातून मोबाइल काढला.

भारतात बोलायच्या कॉलिंग कार्डचा नंबर फिरवून सांगलीला फोन लावला. तिथे जेवणं आटपायची वेळ. रेणूनेच उचलला.

मी म्हणालो, "मला सापडत नाहीये."

"काय?" ती म्हणाली. मग तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तू तिथे आहेस?"

"हो. सगळं बर्फाखाली आहे. मला सापडत नाहीये, रेणू."

"रडू नको. थांब. पाइनचं मोठं झाड दिसतंय?"

मी रडतोय हे मला तिने सांगितल्यावर कळलं.

"दिसतंय."

"त्याच्याकडे पाठ कर. समोर बाक आहे, दगडी. त्याच्या डाव्या अंगाला चाल. काकूंनी आणि मी पिवळं भिरभिरं लावलंय. थँक्सगिव्हिंगला नवं लावणार होते, पिशवीत आणलं होतं, ते राहिलं. जुनंच असेल."

मी चाललो. पिवळं काही दिसेना. ती म्हणत होती, आणखी पुढे, कुंपणाकडे जाऊ नको, अलीकडे. मग एका ठिकाणी बर्फातून काडीचं टोक दिसलं. मी गुडघ्यांवर बसून हातांनी उकरलं. भिरभिऱ्याची दोन पाती मोडली होती. त्याच्या खाली पत्र्याच्या चौकटीत छोटं कार्ड. फोन खांद्याने कानाशी धरून मी ते पुसलं.

"सापडली."

"वाच."

"इला पाटणकर," मी वाचलं. खाली तारीख होती. एकच.

रेणू तिकडे रडत होती, मी इकडे. कोणीच कोणाला गप्प करत नव्हतं. मधे कार्डवाल्यांची रेकॉर्ड केलेली बाई इंग्रजीत सांगून गेली की तुमची थोडीच मिनिटं शिल्लक आहेत.

"सगळा काढलास बर्फ?" रेणूने विचारलं.

"काढतोय. तिच्यावरचा सगळा काढतो."

"आता पुन्हा पडेल रे तो."

"मग पुन्हा येईन."

ती काहीतरी म्हणाली आणि फोन कट झाला. मी वाट पाहिली. हात लाल झाले होते. थोड्या वेळाने तिचाच फोन आला.

२१ डिसेंबर, बुधवार

रात्रभर पडला. ऑफिसच्या आधी जाऊन आलो.